आत्याचा डावा हात

व्हीलचेअर फिजिओथेरपीच्या हॉलमध्ये आली तेव्हा भाचीची नजर आधी आत्याच्या उजव्या हातावर गेली. मांडीवर निपचित पडला होता, बोटं आत वळलेली. याच हातानं आत्या तिचा डावा हात खुर्चीच्या पाठीला बांधायची.

भाची तेव्हा सहा वर्षांची होती. आई गेल्यावर वडिलांनी तिला आपल्या बहिणीकडे ठेवलं. आत्या मुख्याध्यापिका, सगळे तिला ‘बाई’ म्हणत. डावखुऱ्या पोरांना सरळ करण्यात बाईंचा हातखंडा होता. रोज संध्याकाळी स्कार्फनं हात बांधायचा आणि उजव्यानं पानभर एकच वाक्य लिहून घ्यायचं: मी उजव्या हाताने लिहीन. असं दोन वर्षं चाललं. त्या दोन वर्षांत पोर अडखळत बोलायला लागली. ‘म’ आला की ओठ मिटलेलेच राहायचे. हात बांधल्यानं वाचा अडखळते असं ठामपणे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, हे पुढे फिजिओथेरपिस्ट झाल्यावर तिला चांगलं ठाऊक होतं. पण मनानं एकदा घट्ट धरलेलं पुस्तकानं सुटत नाही.

तिची स्वतःची मुलगी डावखुरी निघाली. जेवताना आत्या सहज म्हणाली, “हिचा हात आत्ताच बांध, नंतर जड जाईल.” भाची भरल्या ताटावरून उठली, मुलीला काखोटीला मारलं आणि त्या घराची पायरी पुन्हा चढली नाही. याला अकरा वर्षं झाली होती.

“दुसऱ्या कुणाकडे नेणार नाही म्हटलं,” व्हीलचेअर ढकलत आतेभाऊ म्हणाला. “घरचं माणूस ते घरचं माणूस. झालं गेलं विसर.”

“कधीच विसरले,” ती म्हणाली आणि फाइल उघडली. डॉक्टरांनी लिहिलं होतं: पक्षाघात. उजव्या बोटांत हालचाल येण्याची शक्यता कमी. रोजची सर्व कामे डाव्या हाताला शिकवावीत.

ते वाचून भाचीला मनातल्या मनात उकळ्या फुटल्या. आत्याची केस तिनं स्वतःकडेच ठेवली आणि हॉलच्या अगदी मधलं टेबल निवडलं. शेजारच्या टेबलावर मनगट मोडलेला एक सुतार रबरी चेंडू दाबत बसायचा. आत्याला बघताच तो उठून उभा राहिला. “बाई, ओळखलंत का? माझा हात तुम्हीच सरळ केलात.” आत्याचा चेहरा खुलला.

“पेन धरा, आत्या. डाव्या हातात.”

“डाव्यात? मी नाही धरणार.”

“मग सून भरवतेय तसं जन्मभर खा.”

आत्यानं पेन धरलं. वाक्य भाचीनं दिलं: मी डाव्या हाताने लिहीन. वीस ओळी. एक ओळ वाकडी गेली की सगळं पुन्हा. त्यानंतर वाटाण्याचे साठ दाणे, चमच्यानं एका वाटीतून दुसरीत. दाणे टेबलाखाली घरंगळायचे, सगळा हॉल बघायचा, आत्याच्या डोळ्यांत पाणी यायचं.

“रडा हवं तर. दाणे मात्र साठच.”

तिच्याकडे कुणी बोट दाखवू शकत नव्हतं. उपचार सगळा नियमाला धरून होता. घरी जाताना ती गाणं गुणगुणायची.

चौथ्या दिवशी तिनं आत्याचा कागद उचलला आणि बघतच राहिली. पंधरा वर्षांत शेकडो हात तिच्या हाताखालून गेले होते. धड गोल काढायलाच लोकांना तीन आठवडे लागतात. इथे शिरोरेषा सरळ होती, वळणं भरीव होती.

“आत्या, हा हात शिकत नाहीये. याला आधीपासून येतंय.”

आत्यानं पेन खाली ठेवलं. “सात वर्षांची होईपर्यंत यानंच लिहायचे. मग वडिलांनी बांधला. कमरेच्या पट्ट्यानं.”

आपल्याला दया येईल असं भाचीला वाटलं. आली ती तिडीक. “म्हणजे खांद्यात कळ कशी जाते, बोटांना मुंग्या कशा येतात, सगळं माहीत होतं तुम्हाला!”

“माहीत होतं म्हणूनच बांधला. मी रडले, पण वर्गात पहिली आले. मुख्याध्यापिका झाले. हात मोकळा असता तर कोण झाले असते मी?”

“हीच. रडल्याशिवाय.”

“ते मी कसं मानू?” आत्यानं विचारलं. “मानलं तर शाळेतल्या त्या सगळ्या पोरांचं काय करू?” मग ती म्हणाली, “घरी कुणाला सांगू नकोस. हात जोडले असते, पण एकच उरलाय.”

भाचीनं मान हलवली. त्याचा अर्थ आत्यानं आपल्याला हवा तो घेतला.

चार वाजता आतेभाऊ न्यायला आला. कागद बघून ओरडलाच, “अरे वा, आई! कमाल आहे तुझी!” सुतारही कौतुकानं वळला.

“कमाल कसली?” भाची मोठ्यानं म्हणाली. “आत्या म... म...” ओठ मिटलेलेच राहिले. सगळे थांबले. तीही थांबली, आणि शब्द काढलाच. “मुळातच डावखुऱ्या आहेत. स्वतः डावखुऱ्या असून यांनी तुमचे हात बांधले.”

आतेभाऊ थट्टा समजून हसला. सुतार हसला नाही.

“बाई, खरं का हो?”

आत्यानं डावा हात पदराखाली ओढला. सुतारानं चेंडू टेबलावर ठेवला, पिशवी उचलली आणि तिच्याकडे न बघता निघून गेला. आत्याचा चेहरा भाचीनं नीट बघून घेतला. अजिबात घाई केली नाही.

आत्या पुन्हा आली नाही. दोन महिन्यांनी विभागप्रमुखांनी भाचीला बोलावून चार पानी पत्र पुढे सरकवलं. ‘उपचाराच्या नावाखाली माझ्या भाचीने माझ्यावर सूड उगवला.’ खाली तारीखवार सगळं होतं: वीस ओळी, साठ दाणे, सुतार, चार वाजता भर हॉलमध्ये फोडलेलं गुपित. मुद्दे क्रमानं, समास सोडलेला, कुठे खाडाखोड नाही. अक्षर डाव्या हाताचं होतं, आणि फार सुरेख होतं.

“हे खोटं असेल तर तसं लिहून द्या,” प्रमुख म्हणाले. “फाइलमध्ये तर काहीच वावगं दिसत नाही.”

तिनं चारही पानं वाचली, मग पुन्हा पहिल्यापासून वाचली. खुर्चीला बांधलेल्या सहा वर्षांच्या पोरीबद्दल एक ओळ तरी असेल असं तिला वाटत होतं. नव्हती.

“खरं आहे सगळं,” ती म्हणाली. “माफी मात्र मागणार नाही.”

सहा महिने तिला रुग्णांपासून लांब, वेळापत्रकाच्या टेबलावर बसवलं. आतेभावानं बोलणं टाकलं. भाचीनंही फोन केला नाही.