झिग्बोदीच्या चुलीपुढची वाळू

मी एक जुना वाळूचा कण आहे. ज्या डोंगरातून निघालो, तो झिजून आता टेकडी झाला असेल. व्होल्टा नदीने मला कडेवर घेतलं, घोळलं, माझे कोपरे घासले आणि मुखाशी आणून समुद्राच्या ओटीत घातलं. पुढे प्रवाहाने मला पूर्वेकडे चालवलं. लाट मला तिरका वर चढवी, सरळ खाली ओढी. पुन्हा तिरका वर, पुन्हा खाली. असा सरकत सरकत मी भावंडांसोबत एका जागी विसावलो. मित्रांनो, तुम्ही ज्याला किनारा म्हणता, ते आम्हीच.

आमच्या अंगावर झिग्बोदीचं घर होतं आणि मासे धुरावण्याची तिची मातीची चूल. रापणीचं लांब जाळं किनाऱ्यावर ओढणारे गात गात आम्हाला तुडवत. ते तुडवणंही गोड वाटे.

मग वर कुठेतरी नदीवर धरण झालं. भावंडं तिथेच अडू लागली, थोडीच खाली येत; प्रवाह मात्र आम्हाला नेतच राहिला. समुद्र चुलीपासून वीस पावलांवर आला, तेव्हा झिग्बोदीच्या भावाने, आगबेकोने, भिंत घालायचं ठरवलं. विटांसाठी त्याने घरापुढचीच वाळू उपसली. त्या ढिगात मीही होतो.

"अंथरूण उसवून पांघरूण शिवतोस होय रे?" झिग्बोदी म्हणाली.

"ताई, तू मासे बघ. वाळूला काय तोटा? रोज येतेच की."

"येते, पण जाते तेवढी येत नाही. तुझ्या टकलावरच्या केसांसारखी."

अमावास्येच्या भरतीला, भर दुपारी, पाणी त्या खड्ड्यातून थेट आत शिरलं. चुलीचा एक कोपरा ढासळला, अर्धे धुरावलेले मासे तरंगत निघाले. पुढची भरती घरच नेणार होती. आगबेकोने फावडं खाली ठेवून तोंड फिरवलं.

झिग्बोदीने डोक्यावर चुंबळ ठेवली. "तोंड काय लपवतोस? घमेलं भर. आणि रापणवाल्यांना हाक मार."

ते आले. जाळं ओढताना म्हणायचं गाणं म्हणत त्यांनी आम्हाला ढिगातून घमेल्याघमेल्याने परत खड्ड्यात ओतलं. वाऱ्याने उडून येणारी वाळू अडावी म्हणून पुढे झावळ्या रोवल्या. रात्रीची भरती उंबरा ओला करून माघारी गेली. घर राहिलं. चूल तिने मागच्या अंगाला नव्याने घातली. माती आगबेकोने तुडवली.

मित्रांनो, नदीकडून आता आम्ही थोडेच येतो. म्हणून जे आलो आहोत, त्यांना पडून राहू द्या. आमच्या पाठीवर कुणाची तरी चूल पेटलेली असते.