शिवेवर ठेवलेली डोली

मी भित्रा माणूस आहे, हे आधीच सांगून टाकतो. मागून कुणी तोंड वर करून बोलायला नको.

सत्त्याण्णव साल. सातपूरच्या एका कारखान्यात मी टेंपररी होतो. त्या दिवशी साडेतीनच्या पाळीला साहेब परमनंटची नावं सांगणार होते. हजर नसलेल्याचं नाव कटणार. मी पेठकडच्या पाड्यावरचा, हे तिथं कुणालाच ठाऊक नव्हतं. विचारलं की 'नाशिकचाच' म्हणून ठोकून द्यायचो.

कामावर जाताना, सातपूरची वस्ती सुरू होते त्या वळणावर मला डोली दिसली. बांबूला बांधलेली गोधडी जमिनीवर टेकवलेली, आत एक पोटुशी पोरगी कण्हत होती. गोधडी रक्तानं भिजली होती. शेजारी एक म्हातारी नि दोन गडी गप उभे.

मोटारसायकली, बसगाड्या, माणसं, सगळी बघत होती नि जात होती. एक रिक्षावाला थांबला, रक्त बघून सटकला. अन् ही येडी माणसं कुणाला हाकसुद्धा मारत नव्हती! का, ते त्या गर्दीत फक्त मला कळलं. आमच्याकडं अडलेल्या बाईला डोलीतून नेतात. पुढच्या पाड्याची शीव आली की डोली खाली ठेवायची. तिथले गडी येऊन उचलतात. मागायचं नसतं, त्यांनीही नाव विचारायचं नसतं. द्राक्षबागेच्या कामाला ही माणसं पहिल्यांदाच डोंगरातून खाली आलेली दिसत होती. सातपूर म्हणजे पुढचा पाडा, असं धरून वाट बघत होती बिचारी!

म्हातारीची नजर माझ्याकडं वळली. मी मान खाली घातली नि कारखान्याच्या गेटातून आत गेलो.

कार्ड पंच केलं, मशीन चालू केलं. मशीनवर चढवायचा लोखंडी जॉब दोनदा हातातून निसटला. शेजारच्या मशीनवरचा दिनेश म्हणाला, "काय रे, भूत बघितलंस का?" माझ्या डोक्यात आईचं बोलणं घुमत होतं. ती सुईण. म्हणायची, "शेळी एकटी विते, वाघीण एकटी विते. बाईमाणसाला दुसऱ्याचा हात लागतोच. म्हनून तर मानसं पाडे करून ऱ्हायला लागली, नायतर कवाच संपली असती." घड्याळात चार वाजले. पोरगी मेली असणार, माझ्यामुळं मेली असणार, असं वाटत राहिलं. साहेब यादी घेऊन समोरून येत होते. मी मशीन बंद केलं नि पळत सुटलो.

डोली तिथंच होती.

मी एक टोक खांद्यावर घेतलं. मागून दिनेश धापा टाकत आला नि काही न विचारता त्यानं दुसरं उचललं. सरकारी दवाखान्यापर्यंत आळीपाळीनं खांदा देत पळालो. आतून कण्हणं थांबलं तशी आमची पाचावर धारण बसली. म्हातारी पळता पळता गोधडीत हात घालून चाचपायची. "हाय, हाय. गरम हाय अजून."

तासाभरानं डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. पोरगी वाचली होती. बाळ गेलं होतं. "अर्धा तास आधी आणायचं की हो!" त्या चिडून म्हणाल्या.

म्हातारीचं नाव कुसाबाई. डोळे पुसत ती माझ्याकडं आली, माझे दोन्ही हात तिनं कपाळाला लावले. "तू आलास म्हनून सून तरी घरला येईल, बाबा," ती म्हणाली. "एवढ्या मान्सांत तूच एक आलास."

तो अर्धा तास मी कुठं होतो, ते मी तिला सांगितलं नाही.