दुसरी सुरुंग कंपनी

दाराशी सैमीच्या नवऱ्याची, तार्मोची पिशवी भरून तयार होती. उद्या सकाळी राखीव सैनिकांच्या सरावाला निघायचं होतं. सैमीची नजर पिशवीवरून पाळण्याकडे आणि पाळण्यावरून पुन्हा पिशवीकडे ये-जा करत होती. तान्हा ओइवा निवांत झोपला होता. श्वास चालू आहे ना, हे तिनं नाकाशी बोट धरून आत्ताच पाहिलं होतं.

तार्मोला बोलावणं आलं होतं 'पहिल्या हल्ला कंपनी'चं. हल्ला! तो शब्द तिच्या मनात कुसळासारखा रुतून बसला होता. उद्या सीमेवर काही झालंच, तर सगळ्यांत पुढे हाच. बाळ लहान आहे, सवलत माग, एवढंच तिचं म्हणणं. पण तसं कळवायची मुदत आज संध्याकाळपर्यंतच होती.

"तिथे तुझं काम काय, ते तरी सांग."

"ते घरात सांगायचं नसतं, सैमी. कुणीच सांगत नाही." तार्मो खाली बसून ओइवाच्या कापडी सशाचा फाटका पाय न्याहाळू लागला.

कॉफीला सासू-सासरे आले होते. तिनं सासऱ्यांनाच गाठलं. "बाबा, तुमची कंपनी कुठली?"

"दुसरी सुरुंग कंपनी!" एन्सिओंची छाती फुगली.

"दर सरावाला मी चर्चमध्ये मेणबत्ती लावायचे," सासूबाई हेल्का म्हणाल्या. "हातपाय शाबूत घेऊन येऊ दे म्हणून."

एन्सिओंनी पाव कॉफीत बुडवला आणि ते खाकरले. "आता वय उलटलं, सांगायला हरकत नाही. सुरुंगाला मी कधी हात लावला नाही. वाटाण्याचं सूप ढवळायचो."

"काय?" हेल्का ओरडल्या.

"नाव कंपनीच्या कामाचं असतं गं, एकेका माणसाच्या नव्हे. सुरुंगवाल्यांनाही भूक लागतेच की."

"अरे मेल्या! इतकी वर्षं मी सुपासाठी मेणबत्त्या लावल्या?"

"म्हणून तर ते कधी करपलं नाही!"

सगळे हसले. सैमीही हसली, पण तिचं लक्ष तार्मोच्या हातांवर होतं. सशाच्या पायाला तो चिंधी गुंडाळत होता. प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवलेला, टोक आत खोचलेलं. आणि मग, सवयीनंच, त्यानं सशाच्या पंजाचं टोक दाबून सोडलं. रक्त पोचतंय का, पाहावं तसं.

त्यानं मान वर केली. तिथे त्याचं काम काय, ते तिला कळलं. जिथे हल्ला, तिथेच जखमा. भीती पुरती सरली नव्हती. पण ते हात कुठल्यातरी ओइवाच्या बाबाला घरी आणणारे होते.

ती उठली, लोकरी मोज्यांचा आणखी एक जोड आणला आणि पिशवीत कोंबला.

"ओले पाय घेऊन हिंडू नकोस," ती म्हणाली. "आणि वेळेवर जा."