लग्नांखाली गेलेली लक्कव्वा

लग्नाचं शूटिंग करणाऱ्याला लग्नातलं जेवण कधी गरम मिळत नाही. नवरा-नवरीचे घास होतात, विहिणी रुसून परत हसतात, मांडववाला दोर सोडायला लागतो, आणि मग कुणाला तरी आठवण होते, की अरे, तो व्हिडिओवाला जेवला का? जुन्या हुबळीतला नागसेन हे गारढोण जेवण नव्वद सालच्या आगेमागे जेवायला लागला तो अजून जेवतच होता. आधी खांद्यावर मावणारा कॅमेरा होता, पुढे तळहातात मावणारा आला. खांदा सुटला, बाकी काही बदललं नाही.

या धंद्याची एक रीत होती. सीडी पार्टीच्या हातात पडली, की कॅसेट मोकळी. तिच्यावर पुढचं लग्न. गोकुळ रोडवरच्या वरातीखाली केशवापूरच्या अक्षता, त्यांच्याखाली आणखी कुणाचं तरी बारसं. कॅसेटच्या कडेला एक बारीक खटका असतो, तो सरकवला की तिच्यावर परत काही भरता येत नाही. नागसेनने तो खटका जन्मात सरकवला नव्हता. कशाला सरकवायचा? सीडी आहे की त्यांच्याकडे.

त्याच्या घरी त्याची आत्या होती, लक्कव्वा; तो तिला आत्ती म्हणायचा. अळणावरच्या बाजूच्या खेड्यात जन्मली, बेलूरच्या कारखान्यात डबे भरत म्हातारी झाली आणि आता भाच्याकडे बसून होती. बसून म्हणजे बुडाने, तोंड काही बसलं नव्हतं. गोष्ट मराठीत सुरू करायची, मधेच कन्नडमध्ये शिरायची, परत मराठीत यायची आणि शेवटी हात उडवून म्हणायची, "आता येन् माडूदु, सांगा!" ऐकणाऱ्याचं हसून पोट दुखायचं आणि ही मात्र पानाला चुना लावत असायची. भलती गुणी बाई.

सप्तापूरच्या महेशने ती ऐकली ती एका लग्नातच. महेश प्राध्यापकाचा मुलगा. झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या भाड्याने घेऊन त्याने २००७ मध्ये 'गप्पाघर' काढलं होतं. इंटरनेटवर व्हिडिओ दाखवायचे, आपल्या लोकांचे, आपल्या बोलीतले. लोकांनी त्याला वेड्यात काढलं. इथे एक फोटो उघडेपर्यंत चहा पिऊन होतो, म्हणाले, आणि हा सिनेमे दाखवणार. पण महेशने नागसेनला हाताला धरलं. "नागा, अक्काला कॅमेऱ्यासमोर बसव. दुसरं काही करू नको. मधे बोलू नको, गाणं घालू नको, ते उडणारे गुलाब तर अजिबात नकोत."

नागसेनने गुलाब घातले नाहीत. दर आठवड्याला एक गोष्ट. कॅसेटवर घ्यायची, कॉम्प्युटरवर उतरवायची, सीडी करून सप्तापूरला नेऊन द्यायची. महेश ती वर चढवायचा. आणि मग कॉम्प्युटरवरचं पुसायचं, कॅसेट मोकळी, तिच्यावर पुढचं लग्न. रीत ती रीत.

आणि चाललं हो ते. दुबईहून, पुण्याहून, बेळगावहून लोक लिहायचे, आमची आजी अगदी अशीच बोलायची. नागसेन तिला वाचून दाखवायचा. ती म्हणायची, "मग त्येंच्या आजीला बसवायचं होतं की," आणि वळून हसायची. इतकी वर्षं लोकांची लग्नं टिपली, पण हे आपलं पहिलं काम, असं नागसेनला आतून वाटायचं. कुणाला बोलून दाखवलं नाही, पण वाटायचं.

दोन वर्षांनी मुंबईच्या एका मोठ्या कंपनीने 'गप्पाघर' विकत घेतलं. महेशने पेढे वाटले. कागद आले, त्यावर सह्या झाल्या. तयार झालेले सगळे व्हिडिओ कंपनीचे, आणि लक्कव्वाने पाच वर्षं दुसऱ्या कुठे दिसायचं नाही. "फॉर्मॅलिटी आहे रे," महेश म्हणाला. नागसेनने सही केली, लक्कव्वाने आपली सावकाश, गिरवलेली सही केली. महेश मुंबईला गेला. सीड्यांची खोकी त्याच्या मागोमाग गेली.

मग कंपनीच्या मीनाक्षी मॅडम आल्या. बाई वाईट नव्हती, उगीच का खोटं बोला. तिने लक्कव्वाला वाकून नमस्कार केला, चहा घेतला, आणि मग हळूच विषय काढला. "आजी, तुम्ही कमाल आहात. पण पुण्या-मुंबईच्या लोकांना अर्धं कळत नाही. आमचं मराठीचं पान वेगळं, कन्नडचं वेगळं. तुमचं दोन्हीकडे बसत नाही. तेवढं निव्वळ मराठीत सांगाल का? आणि तुम्ही बाई असून 'मी जातो, मी आलो' म्हणता, ते जरा..."

"मग काय म्हणू?"

"मी जाते."

"जाते," लक्कव्वा म्हणाली. "बरं."

तिने केलं, नाही असं नाही. रेशनकार्डाच्या फोटोला बसावं तशी बसली. एकेक शब्द पारखून टाकायला लागली आणि गोष्ट तिच्या हातातून निसटली. मधेच थांबायची, विचारायची, "हे मराठी का कन्नड रे?" नागसेनला सांगता यायचं नाही. त्याच्या तरी डोक्यात ते कधी वेगळं होतं? चार-पाच वेळा घेतलं. शेवटी ती म्हणाली, "राहू दे बाबा, दमलो मी." मीनाक्षी मॅडमचा फोन आला, आजींना त्रास देऊ नका, आहेत त्याच व्हिडिओंचं आम्ही बघतो.

काय बघतात ते महिनाभराने कळलं. शेजारची मालती सांगत आली, लक्कव्वाचं नवीन आलंय. नागसेनने लावलं. म्हशीची गोष्ट होती. तीच लक्कव्वा, तेच हिरवं लुगडं, तेच हातवारे. तोंड उघडलं आणि आतून दुसरीच बाई बोलायला लागली. गोड, स्वच्छ, शाळेतल्या बाईंसारखी. लक्कव्वाचे ओठ एकीकडे, शब्द एकीकडे. शेवटी हात उडाला आणि ती बाई म्हणाली, "आता काय करायचं, सांगा पाहू!"

नागसेनला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो आत्तीकडे बघेना. लक्कव्वाने मात्र शेवटपर्यंत ऐकलं.

"बाई चांगली बोलते," ती म्हणाली. "शिकलेली दिसते. खरं मग मी कशाला तोंड हलवालोय तिथं?"

एवढं बोलून ती उठून तांदूळ निवडायला गेली.

नागसेनने महेशला फोन लावला. खूप बोलायचं ठरवलं होतं, पण महेशचा आवाज ऐकला आणि त्याचा रागच ढिला पडला. तो आवाज थकलेला होता.

"नागा, मी सांगून बघितलं. मी इथे आहे कोण? गळ्यात पट्टा अडकवल्याशिवाय मला दारातून आत घेत नाहीत."

"निदान मूळ तरी परत द्या. आमच्यापुरतं. आम्ही कुठे दाखवत नाही."

"जुनं काढून त्या जागी नवं चढवलंय. सीड्या कुठल्या गोडाऊनात गेल्या, मला माहीत नाही. विचारलं तर म्हणतात कंपनीची मालमत्ता आहे." मग तो म्हणाला, "पण तुझ्याकडे कॅसेटी असतील ना रे?"

नागसेनने फोन ठेवला. कपाट उघडलं, कॅसेटी काढल्या, एकेक लावून सुरुवातीची थोडी-थोडी बघितली. वराती, हळदी, मुहूर्त, रुसलेल्या विहिणी. गावभरची लग्नं जशीच्या तशी होती, आणि त्या सगळ्यांच्या खाली त्याने स्वतःच्या हाताने पुरलेली आत्ती होती. कंपनीने आवाज काढून घेतला तो घेतलाच, पण राखायचा तो आपणही राखला नाही. कुणाला बोल लावणार?

त्या दिवसापासून लक्कव्वाने गोष्ट सांगणं सोडलं. रुसली-बिसली नाही. जेवण झालं का, दिवा लाव, दूध उतू जाईल, एवढं बोलायची. मालती येऊन म्हणायची, लक्कव्वा, ती म्हशीची सांग की. ती म्हणायची, "त्या बाईला विचार. तिला माझ्यापेक्षा बरी येते." नागसेन एकदा म्हणाला, आत्ती, चोरून घेऊ, कोण बघतंय. ती म्हणाली, नको रे. मालती आली नाही की घर इतकं गप्प असायचं, की नागसेन उगीचच टीव्ही लावून ठेवायचा.

असाच पावसाळा गेला. दिवाळीनंतर एक दिवस त्यांच्याच समाजातला बाबू आला. मुलीच्या लग्नाची सीडी चरे पडून खराब झाली होती, दुसरी मिळेल का? मिळण्यासारखं होतं, ती कॅसेट अजून कुणाच्या वाट्याला गेली नव्हती. बाबू गेल्यावर नागसेनने ती लावली. बौद्ध पद्धतीचं लग्न. त्रिशरण झालं, पंचशील झालं, फुलं पडली. असं लग्न खरं तर पाऊण तासात उरकतं, लांबतं ते पाहुण्यांच्या भाषणांनी. पण इथे मुख्य पाहुण्यांची गाडी कित्तूरजवळ बंद पडली होती, त्यामुळे भाषण नाही, काही नाही, लोक सरळ जेवायला बसले. नागसेनने तेव्हा कॅमेरा बंद केला होता. कॅसेट मात्र संपली नव्हती.

पडदा एकदा थरथरला आणि लक्कव्वा आली.

"...तपासणीला आलेला साहेब इचारतोय, ही मागच्या बाकावरची बोलत का न्हाई? मास्तर म्हणतोय, साहेब, गौडाच्या घरची म्हस हाय, मालकाला इचारल्याबिगर तोंड उघडत न्हाई. पटावर नाव हाय बघा तिचं. आता येन् माडूदु, सांगा!"

तिने पान तोंडात टाकलं आणि सरळ कॅमेऱ्यात बघितलं. "झालं का रे? नीट आलं नसलं तर परत सांगतो. तोंडाला काय भाडं पडतंय?"

मग निळा पडदा.

लक्कव्वा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी होती. कधी आली ते नागसेनला कळलं नव्हतं. त्याने मागे घेऊन परत लावलं. तिने परत ऐकलं, त्या बाईचं ऐकलं होतं तसंच, शेवटपर्यंत. नागसेनला वाटलं, आता हसेल, आता पुढचं काहीतरी बोलेल. तिने नुसते पदराला हात पुसले.

त्याने कॅसेट बाहेर काढली. कडेचा खटका कधी हललेला नव्हता, घट्ट बसला होता. नखाने रेटून रेटून त्याने तो सरकवला.

"काय केलास ते?" तिने विचारलं.

"आता हिच्यावर दुसरं काही भरता येत नाही."

"लगीन पण न्हाई?"

"नाही."

लक्कव्वाने कॅसेट हातात घेतली, उलटसुलट करून बघितली आणि त्याला परत दिली.

"मग एक कॅसेट गेली की रे वाया," ती म्हणाली, आणि चुलीवरचं बघायला आत गेली.