प्रवाहाच्या उलट

इंगुनने मेलेल्या सामन माशाचं पोट चिरलं आणि काळं पडलेलं यकृत ताटलीत काढून ठेवलं. आता शंकेला जागा नव्हती. जानेवारीत स्कार्वहोल्मच्या मत्स्यशेतीतल्या, समुद्रात सोडलेल्या पिंजऱ्यांत सापडलेला विषाणू लांगनेसच्या या पिंजऱ्यांतही शिरला होता. दोन्हींचं कूळ एकच, असं प्रयोगशाळेनेही कळवलं होतं.

पण स्कार्वहोल्म पार उत्तरेला, साठ किलोमीटरवर, आणि समुद्राचा ओढा इथून तिकडे. विषाणू उलटा पोहत आला म्हणावं तर कोण ऐकून घेईल? रोग कुठून कुठे गेला ते शोधणं हेच इंगुनचं सरकारी काम. तीन आठवडे तिने जहाजांच्या नोंदी चाळल्या, जाळी पाहिली, पाणबुड्यांना पिडलं. हाती काही लागलं नाही.

आज तिची होडी ओडमुंडकाका चालवत होता. स्कार्वहोल्मवर उभी हयात काढून तो या वसंतात निवृत्त होऊन घरी बसला होता. बसला म्हणजे काय, स्वस्थ बसेल तर शपथ. आई रात्रपाळीला असायची तेव्हा इंगुनला आणि तिच्या धाकट्या भावाला, ट्रिग्वेला, यानेच भरवलं, यानेच पोहायला शिकवलं. मासा मारायचा तरी आधी त्याच्याशी दोन शब्द बोलणारा माणूस तो.

आताही तो पिंजऱ्यावर ओणवा होऊन बोलत होता. सामनच्या अंगावरच्या उवा टिपायला पिंजऱ्यात सोडतात त्या छोट्या माशांपैकी एक शेवाळी रंगाची, फाटक्या कल्ल्याची मासोळी वर आली होती.

"बघ गं, ओळख विसरली नाही ही," तो कौतुकाने म्हणाला. "आमच्या स्कार्वहोल्मची आहे."

इंगुनच्या हातातली सुरी थांबली.

मग त्याने सगळं सांगितलं, लपवण्यासारखं काही आहे हे ध्यानीमनी नसलेल्या माणसासारखं. सामन कत्तलीला गेले की हे छोटे मासेही मारून टाकायचे, असा नियम. दीड वर्ष बिचाऱ्यांनी दुसऱ्यांच्या अंगावरच्या उवा खाल्ल्या, आणि बक्षीस काय, तर मरण! त्याला ते बघवलं नाही. जानेवारीत, कत्तलीच्या आदल्या दिवशी, त्याने चाळीस मासे टबात घालून होडीने इकडे आणले. इथल्या मुकादमाला फुकटचे मासे मिळाले. तो कशाला विचारतो?

"पण दोन दिवसांनी तिथे रोग सापडला, काका."

"सामनला सापडला. हे तर ठणठणीत होते."

"हे ठणठणीतच राहतात. पण टबातलं पाणी तिथलं होतं."

काकाने पाण्याकडे पाहिलं. इथले आठ लाख सामन आता मारले जाणार, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्याने टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली. इंगुनला त्याचा भयंकर राग आला आणि त्याच क्षणी त्याला पोटाशी धरावंसं वाटलं. तिने दोन्हींतलं काहीच केलं नाही. वही उघडली.

"चाळीसच्या चाळीस इथेच सोडलेस?"

काकाने टोपी डोक्यावर घट्ट बसवली.

"वीस," तो शेवटी म्हणाला. "उरलेले ट्रिग्वेला दिले. पोराने नवीन धंदा काढलाय, म्हटलं तेवढीच मदत."

ट्रिग्वेचे आठ पिंजरे. घर गहाण ठेवून सोडलेली सामनची पहिलीच पिल्लं. इंगुनची लेखणी कागदावर टेकली ती तिथेच राहिली.

"एकाच पिंजऱ्यात सोडलेत ना?" तिने विचारलं. "आज कळलं, तर बाकीचे सात कदाचित वाचतील."

"एकाच. मी स्वतः सोडलेत." काकाने तिच्या बोटांतून लेखणी अलगद काढून घेतली. ट्रिग्वेच्या मत्स्यशेतीचं नाव, तारीख, माशांची संख्या, खाली स्वतःचं पूर्ण नाव, सगळं ठसठशीत अक्षरात लिहिलं आणि वही तिच्या मांडीवर ठेवली.

"फोन मी करतो," तो म्हणाला. "तुझ्या तोंडून नको त्याला हे ऐकायला. मग तो तुझ्याशी बोलणार नाही."

"आणि तुझ्याशी?"

त्याने ट्रिग्वेचा नंबर फिरवला. फोन कानाला लावला, घसा खाकरला. पलीकडून ट्रिग्वेचा हसरा आवाज इंगुनलाही ऐकू आला.

"जेवलास का रे?" काकाने आधी विचारलं.