गिरजाबाईंची तिरपी वाट

रोह्याच्या वेशीबाहेरचा प्लॉट असा उतरता, की हातून सुटलेलं लिंबू थेट खालच्या कुंपणात जाऊन थांबे. नूतनने तसं मुद्दाम सोडून पाहिलं होतं. ती शाळेत विज्ञान शिकवायची. अंदाजपंचे तिला चालत नसे.

नकाशा तिने स्वतः आलेखाच्या कागदावर काढला. वर रस्त्याच्या अंगाला बैठक, स्वयंपाकघर. खाली झोपायच्या खोल्या. मध्ये सहा पायऱ्या. डोंगर कापायचा नाही, वरच्या कडेच्या जांभळाच्या झाडाला हात लावायचा नाही. नवरा जितेश कंपनीच्या शिफ्टमधून येऊन "छान" म्हणून झोपला.

अडलं सासूबाईंपाशी. वडखळकडच्या गावात त्या एकट्याच राहत. त्यांना कायमचं आणायचं म्हणूनच तर घर बांधायचं होतं. गिरजाबाई प्लॉट बघायला आल्या आणि त्यांनी नकाशातल्या त्या सहा रेघांवर बोट ठेवलं.

"ह्ये काय?"

"पायऱ्या, आई."

"मंग मी नाय येत. माझं गुडघं नाय ऐकत गो."

"तुमची खोली वर घेते."

"आनि नातवंडं खाली? मी काय देव हाय, गाभाऱ्यात बसायला?"

नूतनने नकाशा पुन्हा निरखला.

"वयनी, डोंगर कापू," हिरामण गवंडी म्हणाला. "दोन दिसांत सपाट!"

"तू गप रं," गिरजाबाई कडाडल्या. "उभा कापलेला बांध कधी टिकला हाय काय?"

त्यांनी पदर खोचला आणि जांभळापासून उतारावर आडव्या-तिरप्या चालत निघाल्या. एकदाही कण्हल्या नाहीत. खालच्या कुंपणाशी पोचून वळल्या, तशाच तिरप्या वर आल्या.

"मिठागरात मिठाची टोपली डोक्यावर घेऊन आमी अशाच बांधावर चढायचो. तिरप्या. गुडघ्याला पत्ताच नाय लागत."

नूतनचे कान लाल झाले. उतरणीचा धडा! पंधरवड्यापूर्वीच सहावीला शिकवला होता, फळीवरून पिंप चढवणाऱ्या माणसाच्या चित्रासकट.

तिने टेप काढला, हिरामणने पातळी मोजायची पाण्याची नळी धरली. वर-खाली फरक तीन फूट. एका फुटाच्या चढाला बारा फूट धरले, तर छत्तीस फुटांची उतरण पुरे, आणि घराची लांबी चाळीस. बाजूच्या भिंतीलगत उतरता व्हरांडा सहज बसत होता. तिने सहा रेघा खोडरबराने पुसल्या.

"आता याल ना, आई?"

"बघू," म्हणत गिरजाबाई गावी गेल्या.

जोत्याचं काम जेमतेम संपलं आणि टेम्पो आला. त्यात पाटा-वरवंटा, वर गिरजाबाई.

हिरामण थापी हातात धरून बघतच राहिला. "काकू, घर कुठं हाय अजून?"

"मंग हात चालव की!"