सात मशिनींचं बिऱ्हाड

"काका, धरमकाटा अजून उठत नाही," स्क्रीनवरची नजर न काढता मोनाली म्हणाली. "बाकी छे के छे चालू झाले. हा एकच अडला."

शालिकरामने स्वेटरची बाही सारून घड्याळ पाहिलं. सव्वातीन. बाहेर मे महिन्यात भिलाई भाजून निघत होती, पण हथखोजच्या या सळयांच्या कारखान्यातली सर्व्हरची खोली बारा महिने गार असे. सव्वीस वर्षं तो भर उन्हाळ्यात डब्याच्या पिशवीत स्वेटर घालून कोहक्याहून सायकलने येत होता. गल्लीतले लोक हसत. हसेनात का, खोलीची किल्ली त्याच्याकडे होती.

सकाळी मोनालीने सगळं समजावलं होतं. सेक्टर दोनमधली ही पोरगी, नवी इंजिनिअर, मराठी घरापुरतीच. खोलीतल्या जुन्या सातही सर्व्हर-मशिनी बंद करायच्या आणि त्यांचं काम जसंच्या तसं एका मोठ्या मशिनीच्या पोटात चालवायचं. आतल्या प्रत्येकीला वाटतं, आपण वेगळी मशीनच आहोत. वीज कमी, जागा कमी.

"म्हणजे एका क्वार्टरात सात बिऱ्हाडं," तो म्हणाला होता. "अन् हरेकाले वाटते का घर आपल्याच बापाचं."

तेव्हा ती खूप हसली होती. आता हसत नव्हती.

फोन वाजला. ट्रक तोलायच्या काट्यावरून नरेश बोलत होता. "भाऊ, चौदा ट्रक उभे हायेत. ड्रायवर शिव्या देऊन राहिले. काय सांगू त्यायले?"

"थांबा म्हण."

मॅनेजर अतुलसाहेबांनी बजावलं होतं, चारपर्यंत काटा चालला नाही तर सगळं काम परत जुन्या मशिनींवर न्या आणि हे खूळ कायमचं गुंडाळा. चालला, तर ही खोली रिकामी. नवी मशीन रायपूरहून सांभाळता येते. मग निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या शालिकरामने गेटवर बसून गाड्यांचे नंबर लिहायचे.

आणि काटा का चालत नाही, हे त्याला ठाऊक होतं.

काट्याच्या प्रोग्रॅमला एक चावी लागे. बोटाएवढी, पेन ड्राइव्हसारखी, जुन्या मशिनीच्या मागे खोचलेली. ती नसली की प्रोग्रॅम उघडायचाच नाही. एकदा झाडूवाल्याने ती उपसली आणि दोन दिवस माल अडला. तेव्हापासून दर विश्वकर्मापूजेला शालिकराम तिच्यावर लाल धागा गुंडाळी, कुंकू लावी. पूजेच्या वस्तूला कोणी हात लावत नाही. मोनालीनेही लावला नव्हता. यादी करताना तिने त्या धाग्याला नमस्कार केला आणि खाली काय आहे ते न बघता पुढे गेली.

आता फक्त गप्प बसायचं होतं. खोटं बोलायचीही गरज नव्हती.

"माझंच काहीतरी चुकलंय," मोनाली पुटपुटली. "पहिलं काम आहे माझं, काका. सब बोलेंगे, लडकी को भेजा था."

शालिकरामला तिचा रागच आला. आपली भाकरी हिसकावायला आलेल्या माणसाने निदान उर्मट तरी असावं.

साडेतीनला फोन पुन्हा वाजला. त्याने उचलला नाही. तीन चाळीसला मात्र तो उठला, काट्याच्या मशिनीमागे वाकला. वर्षानुवर्षांचे धागे सोडवत बसायला वेळ नव्हता. त्याने ते दातांनी तोडले.

"हे लाव बेटा तुह्या मशिनीले. अन् आतल्या काट्याले सांग का हे त्याचं हाय."

ती चावीकडे बघत राहिली, मग त्याच्याकडे. "काका, तुम्हाला माहीत होतं? मग पहले कावून नाही सांगितलं?"

"आता सांगून राहिलो ना."

आठ मिनिटांनी नरेशचा फोन आला. पहिला ट्रक काट्यावर चढला होता.

"जुन्या मशिनी मी बंद करतो," शालिकराम म्हणाला. मोनाली बाजूला झाली. त्याने एकेक करून सातही बंद केल्या, प्रत्येकीवरची धूळ बाहीने पुसली आणि खोलीची किल्ली तिच्या हातात दिली.

संध्याकाळी घरी त्याच्या बायकोने, सिंधुताईने, पिशवीतून डबा काढला, मग स्वेटर. बाही काळी झालेली पाहून ती म्हणाली, "धुऊन टाकू? पण उद्या सकाळी लागन ना तुमाले."

"नाही लागत," तो म्हणाला. "पेटीत ठेवून दे. लोक थंडीत घालतात, तसा थंडीत घालीन."